एलेओनोराच्या शेजारी धाकटा मुलगा का उभा आहे? ब्रोन्झिनोच्या एका पोर्ट्रेटचा प्रकरण अभ्यास

फ्लॉरेन्सच्या उफ्फीत्सी गॅलरीत ब्रोन्झिनोनं काढलेलं एक पोर्ट्रेट आहे, साधारण १५४५ सालचं, लाकडी फळीवर तैलरंगात, ११५ सेंटीमीटर उंच आणि ९६ रुंद. त्यात तेवीसेक वर्षांची एक बाई बसलीय, अंगावर इतका भारी ड्रेस की पहिली दोन मिनिटं नजर तिथून हलतच नाही, आणि तिला बिलगून एक दोनेक वर्षांचा मुलगा उभा आहे. ती एलेओनोरा दी तोलेदो, फ्लॉरेन्सचा ड्यूक कोझिमो दे मेदिची याची बायको, आणि तो मुलगा जोव्हान्नी. या चित्राबद्दल कुणीही बोलायला लागलं की गाडी ड्रेसवर जाते आणि तिथेच अडकते, आणि ड्रेस आहेच तसा त्यामुळे लोकांचं चुकतं असंही नाही, पण मला वर्षानुवर्षं या चित्रात खुपणारी गोष्ट वेगळी आहे. जोव्हान्नी हा दुसरा मुलगा. थोरला फ्रांचेस्को, म्हणजे गादीचा वारस, तेव्हा चार वर्षांचा होता, जिवंत, घरातच. मग एवढं महागडं, एवढं अधिकृत चित्र काढायचं आणि त्यात वारस सोडून धाकट्याला आईशेजारी उभं करायचं, हे का?

माझं म्हणणं असं की या चित्राचं कामच धाकट्यामुळे पूर्ण होतं. ते पटवायचं तर आधी त्या घराची तेव्हाची अवस्था बघावी लागेल, कारण आपल्या डोक्यात मेदिची म्हटलं की बँक, पैसा, मायकेलएंजेलो, सगळं भरभक्कम असंच चित्र असतं, आणि १५३७ मधे ते घर जवळजवळ संपल्यात जमा होतं.

थोरली शाखा कशी आटली ते बघा. लोरेन्झो, ज्याला जग 'मॅग्निफिसंट' म्हणतं, तो १४९२ मधे गेला. त्याला तीन मुलगे. थोरल्या पिएरोला १४९४ मधे फ्लॉरेन्समधून हाकललं. त्याचा मुलगा, तोही लोरेन्झोच, १५१९ मधे मेला आणि मागे राहिली एक तान्ही मुलगी, कॅथरिन, जी पुढे फ्रान्सची राणी झाली. त्यानंतर त्या शाखेत वंश पुढे नेणारा औरस मुलगा म्हणून कुणी उरलाच नाही. पोप सातवा क्लेमेंट मेदिची होता पण त्याचा स्वतःचाच जन्म लग्नाबाहेरचा, इप्पोलितो लग्नाबाहेरचा, तो १५३५ मधे गेला, आणि ज्याला सम्राट पाचव्या चार्ल्सच्या (स्पेनचा राजा आणि पवित्र रोमन सम्राट) जोरावर १५३२ मधे ड्यूक केलं तो अलेस्सांद्रोही लग्नाबाहेरचाच. ६ जानेवारी १५३७ च्या रात्री या अलेस्सांद्रोचा खून झाला आणि करणारा कोण, तर धाकट्या शाखेतला नातेवाईक लोरेन्झिनो. म्हणजे एक मेदिची मेला, ज्यानं मारलं तो मेदिची पळून गेला, आणि शहराला दोन-चार दिवसांत ठरवायचं होतं की आता पुढे काय.

पुढे आला कोझिमो. वय सतरा. धाकट्या शाखेतला, म्हणजे बँकेवाल्या थोरल्या कोझिमोच्या धाकट्या भावाच्या वंशातला, आणि आई मारिया साल्व्हियातीकडून लोरेन्झो मॅग्निफिसंटचा पणतू. बाप जोव्हान्नी, 'काळ्या पट्ट्यांचा जोव्हान्नी' म्हणून गाजलेला भाडोत्री सैन्याचा सेनापती, १५२६ मधे लढाईतल्या जखमेनं गेलेला. कोझिमो त्याचं एकुलतं एक मूल. शहरातल्या बड्या मंडळींनी त्याला निवडला तो पोरगा आहे, आपल्या मुठीत राहील या हिशेबानं, आणि सुरुवातीला ड्यूक ही पदवीसुद्धा दिली नाही, नुसता शहराचा आणि प्रदेशाचा प्रमुख म्हणून बसवला. त्याच वर्षी ऑगस्टच्या सुरुवातीला हद्दपार केलेल्या विरोधकांनी सैन्य आणलं, मोंतेमुर्लोला कोझिमोच्या बाजूनं ते मोडून काढलं, मग सम्राटानं त्याला मान्यता दिली. पण फ्लॉरेन्स आणि लिव्होर्नोच्या किल्ल्यांत सम्राटाची स्पॅनिश शिबंदी तशीच बसून होती. आपल्याच शहराच्या किल्ल्याची किल्ली आपल्याकडे नाही, अशा अवस्थेत हा माणूस राज्य करत होता. किल्ले परत मिळाले १५४३ मधे, तेही भलीमोठी रक्कम मोजून.

आता लग्न. कोझिमोची पहिली मागणी होती अलेस्सांद्रोची विधवा मार्गारेट, म्हणजे सम्राटाची (लग्नाबाहेरची) मुलगी. ती मिळाली असती तर सम्राट थेट सासरा. पण चार्ल्सनं तिला पोप तिसऱ्या पॉलच्या नातवाला, ओत्ताव्हियो फार्नेझेला दिली. मग नंबर लागला नेपल्सचा, तिथे सम्राटाचा व्हाइसरॉय होता डॉन पेद्रो दे तोलेदो, त्याच्या मुलींपैकी एलेओनोरा. १५३९ च्या मार्चमधे नेपल्सला नवरदेवाच्या गैरहजेरीत त्याचा प्रतिनिधी उभा करून लग्न लागलं आणि जूनच्या शेवटी ती फ्लॉरेन्समधे आली. त्या लग्नाच्या सजावटीच्या कामात ब्रोन्झिनो होता, तिथूनच तो दरबाराच्या नजरेत भरला असं म्हणतात, आणि पुढे वर्षानुवर्षं या घराचे चेहरे जगानं कसे बघायचे हे त्याच्याच हातात राहिलं.

फ्लॉरेन्सला ही सून काही फारशी आवडली नाही. स्पॅनिश, गर्विष्ठ, आपल्या माणसांच्या घोळक्यात राहणारी, अशी तक्रार कायम होती, आणि ज्या शहरानं शतकानुशतकं आम्ही रिपब्लिक आहोत म्हणून छाती फुगवली त्यांना परकी राजघराणी बाई डोक्यावर बसलेली खपणं अवघडच होतं. त्यात १५४० मधे कोझिमोनं बिऱ्हाड हलवलं ते थेट सिन्योरियाच्या वाड्यात, म्हणजे जिथे रिपब्लिकचं सरकार बसायचं त्याच इमारतीत, ज्याला आता पालात्सो वेक्किओ म्हणतात. जिथे निवडून आलेले लोक बसायचे तिथे आता पाळणे हलणार, हे त्या लोकांनी रोज बघायचं.

आणि पाळणे खरंच हलले. मारिया १५४०, फ्रांचेस्को १५४१, इझाबेला १५४२, जोव्हान्नी १५४३, लुक्रेझिया १५४५ च्या फेब्रुवारीत. पाच वर्षांत पाच. हे चित्र त्याच सुमाराचं, म्हणजे समोर जी बाई इतकी शांत, ताठ, चेहऱ्यावर एक रेघ न हलवता बसलेली दिसते ती नुकतीच पाचव्या बाळंतपणातून उठलेली असणार, हे लक्षात ठेवून चित्र बघा, वेगळंच दिसायला लागतं. पुढे अजून सहा झाली, एकूण अकरा, सात मुलगे चार मुली.

आता चित्र.

ती बसलेली, तीन-चतुर्थांश आकृती, म्हणजे गुडघ्यांच्या आसपासपर्यंत. तिचा उजवा हात मुलाच्या खांद्यावरून गेलेला, डावा मांडीवर, आणि तो डावा हात ड्रेसच्या त्या काळ्या-सोनेरी वेलबुट्टीवर असा ठेवलाय की बोटं वेगळी वेगळी मोजता येतात. मुलगा तिला चिकटून, सरळ आपल्याकडे बघतोय. ती पण आपल्याकडेच बघते, पण त्या बघण्यात आमंत्रण अजिबात नाही. बॅकग्राउंडला गडद निळा, तो लाजवर्दी, लाजवर्द दगड दळून केलेला, आणि तो दगड तेव्हा यायचा अफगाणिस्तानातल्या बदख्शानहून, त्यामुळे चांगला निळा म्हणजे चित्रातला सगळ्यात महाग रंग. साधारणपणे हा निळा राखून ठेवायचे येशूची आई मेरी हिच्या वस्त्रासाठी. इथे तो नुसत्या मागच्या पोकळीला वापरलाय, आणि एलेओनोराच्या डोक्याभोवती तो हळूच उजळत जातो. मुद्दाम तेजोवलय काढलेलं नाही, तसं काढणं चाललंही नसतं, पण मांडीशेजारी मूल असलेली बाई, मागे निळा आणि डोक्यामागे उजेड, हे सोळाव्या शतकातल्या कुठल्याही इटालियन माणसानं लहानपणापासून चर्चमधे रोज बघितलेलं होतं. त्याला समजावून सांगायची गरज नव्हती. उजवीकडे कठड्यापलीकडे खाली पाणथळ, झाडीचा प्रदेश दिसतो, म्हणजे मागे राज्य पसरलेलं आणि पुढे हे दोघं.

मुलाचं नाव जोव्हान्नी, म्हणजे आपल्या ओळखीचं रूप सांगायचं तर जॉन, आणि बाप्तिस्मा देणारा संत जॉन हा फ्लॉरेन्सचा रक्षक संत. परकी सून, पण मूल मात्र शहराच्या संताच्या नावाचं.

मग तो ड्रेस. पांढऱ्या सॅटिनवर काळ्या मखमलीची वळणदार वेलबुट्टी आणि त्यात सोन्याच्या तारेचे बारीक फासे उभे केलेले, दोन वेगवेगळ्या उंचीचे, त्यामुळे कापडावर उजेड पडला की काही फासे चमकतात आणि काही सावलीत जातात. आपल्याकडे किनखाब विणणाऱ्या कारागिरांना कलाबतूचं काम किती वेळखाऊ असतं ते माहीतच आहे, हे त्याच्याही पुढचं प्रकरण, दिवसाला अगदी थोडं कापड निघणारं. आणि छातीच्या मधोमध, सगळ्यात मोठ्या जागी, सोनेरी डाळिंब. डाळिंब इटालियन रेशमात आधीच शंभरएक वर्षं चालत होतं त्यामुळे नुसत्या डाळिंबावरून फार अर्थ काढू नये असं काही जण म्हणतात, आणि ते मान्य आहे, पण ब्रोन्झिनोनं ते कुठे ठेवलंय ते बघा ना, बरोबर मधल्या रेषेवर, अख्खं, भरलेलं. दाण्यांनी गच्च भरलेलं फळ म्हणजे भरपूर संतती हा अर्थ तिथे घरोघर माहीत होता. शिवाय डाळिंब हे ग्रनाडाचं चिन्ह, आणि १४९२ मधे ग्रनाडा जिंकल्यावर ते स्पेनच्या राजचिन्हात आलं, म्हणजे तिच्या माहेरचीही खूण त्यात येऊन बसते.

मोती तर जागोजाग, केसांच्या जाळीत, कानात, गळ्यात, खांद्यावरच्या सोनेरी जाळीच्या प्रत्येक गाठीवर, कमरपट्ट्याच्या गोंड्याला. एलेओनोराला मोत्यांचा खरंच सोस होता. सोनार आणि शिल्पकार बेन्वेनुतो चेल्लीनीनं आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवलंय की तिला एक मोत्यांचा सर हवा होता आणि ड्यूकसमोर त्या मोत्यांची तारीफ कर म्हणून तिनं याला गळ घातली, यानं शेवटी ड्यूकला खरं काय ते सांगून टाकलं, आणि मग बाईसाहेबांची मर्जी गेली ती गेलीच. पण चित्रातल्या मोत्यांना हौसेपलीकडचंही काम आहे. मोती म्हणजे शुद्धता, पातिव्रत्य. ज्या घराच्या मागच्या पिढीत अलेस्सांद्रो, इप्पोलितो, क्लेमेंट या सगळ्यांच्या जन्मावर बोट ठेवता येत होतं, त्या घराच्या नव्या पिढीची आई अंगभर मोती घालून बसलीय आणि मूल कुशीत घेऊन, तर त्याचा मेसेज तेव्हाच्या राजदूतांना नक्की कळत असणार. ही मुलं औरस आहेत, चर्चनं आणि सम्राटानं मान्य केलेल्या लग्नातली आहेत. मला वाटतं सगळ्या चित्रातला सगळ्यात गंभीर दावा हा आहे, आणि तो एक शब्द न लिहिता केलाय.

तिचं स्वतःचं चिन्हही याच अर्थाचं होतं. विद्वान बिशप पाओलो जोव्हियोनं तिच्यासाठी सुचवलेलं, लांडोर म्हणजे मोराची मादी, पंखाखाली पिल्लं घेऊन, आणि सोबत लॅटिन वचन, ज्याचा आशय साधारण शीलासह आनंदी सुफळता असा. पुढे ते तिच्या पदकावर आलं. म्हणजे डाळिंब, मोती, कुशीतलं मूल, हे मी आज बसून जोडतोय असं नाही, त्या दरबारात ही भाषा चालू होती आणि तिच्यासाठी ठरवून वापरली जात होती.

आता धाकट्याकडे येतो.

आधी तो खरंच जोव्हान्नीच आहे का, कारण यावर बराच वाद होऊन गेलाय, कुणी फ्रांचेस्को म्हणालं कुणी नंतर झालेला धाकटा भाऊ गार्झिया. पण चित्रकारांची चरित्रं लिहिणारा व्हासारी, जो ब्रोन्झिनोला जवळून ओळखत होता, तो लिहितो की डचेसचं आधी एक पोर्ट्रेट झालं होतं आणि नंतर तिच्या इच्छेप्रमाणे, आधीपेक्षा वेगळ्या पद्धतीनं, तिला मुलगा जोव्हान्नीसह रंगवलं. शिवाय ब्रोन्झिनोनंच १५४५ च्या सुमारास काढलेलं एका बाळाचं चित्र उफ्फीत्सीत आहे, हातात पक्षी धरून खळखळून हसणारं गुबगुबीत पोर, दोन इवलेसे दात दिसतात, तो जोव्हान्नी, आणि दोन्ही चेहरे शेजारी ठेवले की फार शंका राहत नाही. (ते हसरं बाळ बघाच एकदा, ब्रोन्झिनोच्या त्या थंडगार चेहऱ्यांच्या गर्दीत एवढं मोकळं हसू दुसरीकडे सापडणं कठीण.)

व्हासारीचं 'तिच्या इच्छेप्रमाणे' मला फार महत्त्वाचं वाटतं. म्हणजे मुलाची निवड चित्रकारानं सहज केलेली नाही.

मग का? एक मत असं की हे चित्र रीजन्सीबद्दल आहे. कोझिमो बाहेर असताना, १५४१ मधे आणि परत १५४३ मधे, राज्यकारभार एलेओनोराकडे होता, आणि उद्या नवरा गेला तर लहान मुलाच्या नावानं ती राज्य चालवू शकते हे दाखवायला आई आणि मुलगा एकत्र. हे मत चांगलं आहे आणि तिचा अधिकार दाखवणं हा चित्राचा भाग आहेच, पण मग मूल फ्रांचेस्कोच हवं होतं. ज्याच्या नावानं राज्य चालवायचं त्यालाच चित्रातून वगळलं तर तो मुद्दा लंगडा पडतो. फ्रांचेस्कोसोबतचं तिचं पोर्ट्रेट नंतर झालं, १५४९-५० च्या सुमाराला, ते आता पिसाला आहे, आणि रीजन्सीवाली मांडणी त्याला जास्त शोभते.

मला उत्तर त्या घराच्या इतिहासात दिसतं. कोझिमो गादीवर आला तोच मुळी धाकट्या शाखेतून, थोरली शाखा औरस मुलाशिवाय आटली म्हणून. तो स्वतः एकुलता एक, म्हणजे लहानपणी एखाद्या तापानं गेला असता तर बापाचा वंश तिथेच संपला असता. त्या काळात मुलं किती पटापट जात होती हे या घराला सांगायची गरजच नव्हती, कोझिमोची लग्नाआधीची मुलगी बिया १५४२ मधे पाच-सहा वर्षांची असताना गेली, तिचंही ब्रोन्झिनोनं काढलेलं चित्र आहे. तर अशा घरात एक वारस असणं म्हणजे सुरक्षित असणं असं कुणी मानत नव्हतं. वारस आहे हे युरोपला १५४१ पासून माहीत होतं. माहीत करून द्यायचं होतं ते हे की वारसामागे अजून एक आहे, आणि त्याची आई तरुण आहे, निरोगी आहे, आणि अजून होतील. दुसऱ्या मुलाला उभं केलं की पहिला आपोआप गृहीत धरला जातो, पहिल्याला उभं केलं तर दुसरा आहे की नाही ते चित्रातून कळत नाही. इतकं साधं आहे ते.

त्यात दुसरा धागा जोव्हान्नी या नावाचा. एक तर ते कोझिमोच्या वडलांचं नाव. पण त्याहून मोठं म्हणजे लोरेन्झो मॅग्निफिसंटचा दुसरा मुलगाही जोव्हान्नीच होता, तेराव्या वर्षी कार्डिनल (पोपच्या खालोखालचा चर्चचा अधिकारी) नेमला गेला आणि १५१३ मधे पोप झाला, दहावा लिओ. १५१२ मधे मेदिची फ्लॉरेन्समधे परत आले आणि नंतर टिकले ते या दुसऱ्या मुलाच्या जोरावर. दुसरा मुलगा, नाव जोव्हान्नी, चर्चसाठी राखलेला, हे समीकरण या घराला एकदा प्रचंड फळलं होतं. १५४५ मधे मेदिची दुसऱ्या मुलाला जोव्हान्नी नावानं जगापुढे आणतात तेव्हा रोममधे कुणाला लिओ आठवला नसेल हे मला तरी पटत नाही, विशेषतः तेव्हा पोपच्या गादीवर फार्नेझे होता, ज्याच्या नातवानं कोझिमोला हवी असलेली मार्गारेट नेली होती.

तिसरा धागा तिच्या बाजूचा, आणि हा कुणी फारसा काढत नाही. तिचा बाप डॉन पेद्रो हाही दुसराच मुलगा, आल्बाच्या दुसऱ्या ड्यूकचा. मुख्य पदवी त्याच्याकडे नव्हती, मार्किस झाला तो बायकोच्या वारशानं, आणि १५३२ पासून नेपल्ससारख्या अवाढव्य राज्याचा व्हाइसरॉय म्हणून त्यानं वीसेक वर्षं सत्ता चालवली. धाकट्या मुलाचं काय होऊ शकतं हे एलेओनोरानं घरातच बघितलं होतं, म्हणून व्हासारीचं ते 'तिच्या इच्छेप्रमाणे' वाचलं की मला डॉन पेद्रो आठवतो. हे सिद्ध करता येणार नाही, माझं मत आहे.

चित्रं या दरबारात कशी वापरली जायची याचं एक उदाहरण त्याच वर्षाचं आहे. पालात्सो वेक्किओमधे एलेओनोराच्या खासगी प्रार्थनाघरासाठी ब्रोन्झिनोनं ख्रिस्ताचं शव खाली उतरवल्याचं मोठं चित्र केलं होतं. ते कोझिमोनं सरळ सम्राटाच्या मुख्य सल्लागाराला, ग्रानव्हेलला, भेट म्हणून पाठवून दिलं, आज ते फ्रान्समधे बेझांसोंला आहे, आणि ब्रोन्झिनोला नंतर वेदीसाठी परत तसंच दुसरं करायला लागलं. बायकोच्या देवघरातलं चित्र काढून मंत्र्याला! म्हणजे चित्र ही राज्य चालवायची वस्तू होती. चिलखतातल्या कोझिमोच्या पोर्ट्रेटच्या तर ढिगानं कॉप्या निघाल्या. एलेओनोरा आणि मुलाच्या चित्राच्याही कार्यशाळेत कॉप्या झाल्या, एक डेट्रॉइटच्या म्युझियममधे आहे. ते चेहरे इतके गुळगुळीत, घोटलेले, दगडासारखे का आहेत याचं माझ्यासाठी हेच उत्तर आहे. या बाईला त्या दिवशी काय वाटत होतं ते दाखवायचंच नव्हतं. कॉपी होऊन परक्या दरबारात गेल्यावरही, दहा वर्षांनी बघितल्यावरही, तसाच लागू राहील असा चेहरा हवा होता. ब्रोन्झिनो थंड आहे अशी तक्रार मी खूप ऐकलीय आणि मला ती कधीच पटली नाही, त्या कामाला तो थंडपणाच लागत होता आणि तो इतका पूर्णपणे पकडणारा दुसरा चित्रकार तेव्हा फ्लॉरेन्समधे नव्हता.

ड्रेसबद्दल राहिलंच. बराच काळ सगळीकडे लिहिलं जायचं की तिला याच ड्रेसमधे पुरलं. १८५७ मधे सान लोरेन्झो चर्चमधल्या मेदिची शवपेट्या उघडल्या तेव्हा तिचे अवशेष ओळखताना या चित्राचा आधार घेतला गेला आणि ती गोष्ट पक्की झाली. नंतर विसाव्या शतकाच्या शेवटी त्या कपड्याच्या चिंध्यांवर वर्षानुवर्षं जतनाचं काम झालं आणि कळलं की पुरतानाचा ड्रेस वेगळा, त्यामानानं साधा, सॅटिनचा, मखमलीच्या पट्ट्यांचा. तो आता पिट्टी पॅलेसमधे आहे. इतकंच नाही, तिच्या कपड्यांच्या नोंदी ज्यांनी बारकाईनं तपासल्या त्या अभ्यासकांचं मत असं की चित्रातला असा ड्रेस तिनं कधी शिवलाच नसावा, चित्रकारापुढे कापडाचा तुकडा असेल आणि त्यावरून त्यानं अख्खा ड्रेस उभा केला. मला हे फार भारी वाटतं. कारण मग कापड निवडणं, डाळिंब मधोमध आणणं, वेलबुट्टी मुलाच्या डोक्याच्या उंचीपर्यंत नेणं, हे सगळं शिंप्याचं काम उरत नाही, चित्रकाराचा आणि दरबाराचा निर्णय होतो. फ्लॉरेन्सचा रेशमाचा धंदा हा शहराचा मोठा आधार होता आणि कोझिमो त्याला जपत होता, त्यामुळे ड्यूकच्या बायकोच्या अंगावर असं कापड दिसण्याला त्याही बाजूनं अर्थ होता, पण तो दुय्यम.

एलेओनोराला नुसती मुलं देणारी बाई म्हणून मोकळं करू नये हेही सांगायलाच हवं. ती जमिनी घ्यायची, धान्याचा मोठा व्यवहार करायची, १५४९ मधे पिट्टी वाडा तिच्या पैशानं घेतला गेला आणि मागची बोबोली बाग तिथून सुरू झाली, जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाच्या लोकांना फ्लॉरेन्समधे पाय रोवायला तिनं मदत केली. सोळाव्या शतकात एखाद्या बाईनं हे सगळं करणं ज्या पायावर शक्य होतं तो पाया म्हणजे मुलगे, आणि ती हे पुरतं ओळखून होती असं मला वाटतं. चित्रातल्या तिच्या बसण्यात ते दिसतं. ती मुलाला दाखवतेय तेवढंच मुलगाही तिला दाखवतोय.

आता या प्रकरणाचं पुढे काय झालं.

जोव्हान्नी ठरल्याप्रमाणे चर्चमधे गेला, १५६० मधे सोळाव्या वर्षी कार्डिनल झाला, लगेच पिसाचा आर्चबिशप. १५६२ च्या शरद ऋतूत कोझिमो कुटुंबासह किनाऱ्याकडच्या दलदलीच्या भागात गेला, तिथे ताप आला. नोव्हेंबरमधे जोव्हान्नी गेला, एकोणीस वर्षांचा. डिसेंबरमधे गार्झिया, पंधरा वर्षांचा. गार्झियानंतर काही दिवसांतच पिसाला एलेओनोरा, चाळीस वर्षांची, ती आधीच कित्येक वर्षं छातीच्या आजारानं खंगलेली होती. महिनाभरात तिघं. लोकांनी लगेच कथा रचली की भावानं भावाला मारलं आणि बापानं त्याला मारलं, आणि ती कथा तीनशे वर्षं चालली, पण त्या काळची पत्रं तापच सांगतात आणि अलीकडे या घराण्याच्या अस्थींच्या तपासणीत मलेरियाच्या परजीवीच्या खुणा मिळाल्या.

म्हणजे चित्रातली दोन्ही माणसं एका पाठोपाठ गेली. पण गादीचा हिशेब थांबला नाही. जोव्हान्नीची कार्डिनलची जागा घराण्यात ठेवायची म्हणून १५६३ च्या सुरुवातीलाच धाकट्या फेर्दिनांदोला, वय तेरा, कार्डिनल करून घेतलं. कोझिमो १५६९ मधे पोपकडून तोस्कानाचा, म्हणजे फ्लॉरेन्सभोवतीच्या प्रदेशाचा, ग्रँड ड्यूक झाला, १५७४ मधे गेला, मग फ्रांचेस्को बसला. फ्रांचेस्कोला पहिल्या बायकोपासून मुलीच मुली आणि एक मुलगा फिलिप्पो, तो १५८२ मधे लहानपणीच गेला. १५८७ मधे फ्रांचेस्को गेला तेव्हा थोरली ओळ परत एकदा औरस मुलाशिवाय संपली, अगदी १५१९ सारखीच. या वेळी मात्र मागे भाऊ होता. फेर्दिनांदो, जन्मक्रमानं सहावा मुलगा, चोवीसेक वर्षं कार्डिनल असलेला, पण पूर्ण धर्मगुरूची दीक्षा न घेतलेला. त्यानं गादी घेतली, कार्डिनलपद सोडलं आणि १५८९ मधे लोरेनच्या क्रिस्टीनशी लग्न केलं. ही क्रिस्टीन फ्रान्सच्या कॅथरिनची नात, म्हणजे १५१९ मधे थोरल्या शाखेत जी एकटी तान्ही मुलगी उरली होती तिची नात. १५९० मधे त्यांना मुलगा झाला, त्याचं नाव परत कोझिमो ठेवलं, आणि १७३७ पर्यंत तोस्कानावर जे जे मेदिची बसले ते सगळे याच धाकट्या फेर्दिनांदोच्या वंशातले.